शेवटच्या रांगेपर्यंत

(सभा असो, स्नेहसंमेलन असो, मुशायरा असो की गणेशोत्सव असो, माइक आणि लाउडस्पीकर तेथे असतातच. पण शंभर वर्षांपूर्वी ही सोय नव्हती. आवाज दूरवर पोहोचवणारे हे यंत्र कसे तयार झाले, ते आपल्याकडे कोणी आणले आणि ते भाड्याने देणारा व्यवसाय कसा वाढला, याची माहिती या पाठात दिली आहे.)

नाशिकमध्ये अशोकस्तंभापासून पश्चिमेला जो रस्ता जातो, तो गंगापूर रोड. गोदावरीच्या काठाकाठाने तो आनंदवल्ली, सोमेश्वर असे करत गंगापूर गावाकडे व धरणाकडे जातो. या रस्त्यावर शाळा, महाविद्यालये आणि सभांची मैदाने आहेत. एकदा तेथील एका मैदानात आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा होती. परीक्षक म्हणून मलाही बोलावले होते.

स्पर्धेला अनेक शाळांची मुले आली होती. त्यात एका उर्दू माध्यमाच्या शाळेची आठवीतली एक मुलगी होती. तिची मातृभाषा उर्दू, पण भाषण मराठीत करायचे होते. तिने तयारी चांगली केली होती. तिचा आवाज मात्र फार नाजूक होता. तिचे नाव पुकारले गेले. ती मंचावर आली, तिने सर्वांना नमस्कार केला आणि बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला, त्यातून एक कर्कश शिट्टी निघाली आणि तो बंद पडला.

मुलगी बोलतच होती. पहिल्या दोन रांगा ऐकत होत्या. मागची मुले मात्र "आवाज येत नाही!" असे ओरडू लागली. मुलीने आवाज चढवून पाहिला. तिचा घसा भरून आला. डोळ्यांत पाणी तरळले. ती आपल्या बाईंकडे पाहू लागली. बाईही बसल्या जागी कासावीस झाल्या होत्या.

मंचाच्या बाजूला लाउडस्पीकरवाले काका बसले होते. पन्नाशी उलटलेली, अंगात साधा सदरा, खिशाला पेचकस. ते शांतपणे उठले. त्यांनी एक छोटे मीटर काढले आणि एकेक वायर तपासली. माइकच्या वायरीचा एक टाका निखळला होता. तो त्यांनी जोडला आणि माइकवर बोट वाजवून पाहिले. 'टक टक' असा आवाज मैदानभर घुमला. काका मुलीजवळ गेले आणि म्हणाले, "बेटा, आता पहिल्यापासून बोल. अजिबात ओरडू नकोस. तू सावकाश बोल. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचं काम माझं."

मुलीने पुन्हा पहिल्यापासून भाषण केले. तिचा तो नाजूक आवाज मैदानाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या मुलांनाही स्पष्ट ऐकू आला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

स्पर्धा संपल्यावर मुले काकांभोवती गोळा झाली. कोणी माइक पाहू लागले, कोणी कर्ण्यात डोकावू लागले. मीही तेथे गेलो. काकांनी मुलांना जे सांगितले आणि नंतर मी जे वाचले, ते सर्व येथे लिहीत आहे.

लाउडस्पीकर नव्हता तेव्हा

माणसाचा आवाज फार दूर जात नाही. मोकळ्या मैदानात ऐकणारा दुप्पट अंतरावर गेला, की त्याच्यापर्यंत पोहोचणारी ध्वनीची शक्ती चौथाई उरते. वारा, झाडांची सळसळ आणि लोकांची कुजबुज यांत तर ती पार हरवून जाते. म्हणून फार पूर्वीपासून माणसाने आवाज दूर नेण्याच्या अनेक युक्त्या शोधल्या.

पहिली युक्ती म्हणजे उंच जागा. मुअज्जिन मिनारावर चढून अजान देत असे, ते याचसाठी. दुसरी युक्ती म्हणजे एकाचे बोलणे दुसऱ्याने पुढे पोहोचवणे. ईदगाहवर हजारो माणसे नमाजला उभी राहतात. इमामाची तकबीर मागच्या सफांना ऐकू येत नाही. तेव्हा मधल्या सफेतील मुकब्बिर ती मोठ्याने पुन्हा उच्चारतो. कीर्तनातही असेच आहे. बुवांच्या मागे उभे असलेले टाळकरी ध्रुपद उचलून धरतात आणि मग ते देवळाबाहेरच्या माणसालाही ऐकू जाते. गावात दवंडी पिटणारा माणूस चौकाचौकांत थांबून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असे.

तिसरी युक्ती म्हणजे इमारतीची बांधणी. विजापूरच्या गोल घुमटात सज्जाच्या एका बाजूला केलेली कुजबुज पलीकडच्या बाजूला ऐकू येते. चौथी युक्ती म्हणजे आवाजाची मेहनत. जुन्या संगीत नाटकांतील नट माइकशिवाय गात. पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकाला शब्द कळले पाहिजेत, अशी त्यांची तालीम असे. शाहीर डफावर थाप मारून खड्या आवाजात पोवाडा म्हणत.

पण या सर्वांत एक उणीव होती. ज्याचा आवाज पहाडी, त्याचेच लोक ऐकत. ज्याचा आवाज बारीक, त्याच्याजवळ कितीही मोलाचे सांगण्यासारखे असले, तरी ते पहिल्या दोन रांगांतच राही. लोकमान्य टिळकांचे निधन १९२० साली झाले. तोपर्यंत आपल्याकडील सभांत वक्त्याची छाती आणि घसा हाच त्याचा लाउडस्पीकर होता.

हे यंत्र चालते कसे?

काकांनी माइक उघडून दाखवला. ते म्हणाले, "पोरांनो, आवाज म्हणजे हवेची थरथर. ती थरथर आधी पकडायची, मग मोठी करायची आणि पुन्हा हवेत सोडायची. एवढंच आपलं काम."

हे काम तीन टप्प्यांत होते. पहिला टप्पा माइकचा. माइकच्या आत एक पातळ पडदा असतो. आपण बोललो की हवा थरथरते आणि तिच्याबरोबर हा पडदाही थरथरतो. पडद्याला तारेचे एक बारीक वेटोळे चिकटवलेले असते. ते एका चुंबकाजवळ हलते. चुंबकाजवळ तार हलली की तारेत वीज निर्माण होते. अशा रीतीने आवाजाची वीज बनते. पण ती फारच क्षीण असते.

दुसरा टप्पा ॲम्प्लिफायरचा. त्याला मराठीत ध्वनिवर्धक म्हणतात. तो माइककडून आलेल्या क्षीण विजेची हुबेहूब, पण कितीतरी पट मोठी नक्कल तयार करतो. त्यासाठी लागणारी शक्ती तो घरच्या विजेतून किंवा बॅटरीतून घेतो.

तिसरा टप्पा लाउडस्पीकरचा, म्हणजे ध्वनिक्षेपकाचा. येथे माइकच्या उलट घडते. मोठी झालेली वीज तारेच्या वेटोळ्यातून जाते. वेटोळे चुंबकाजवळ पुढेमागे हलते. त्याला जोडलेला पडदाही हलतो आणि समोरची हवा जोराने थरथरते. विजेचा पुन्हा आवाज होतो. पडद्यापुढे कर्णा लावला, तर आवाज इकडेतिकडे न पसरता एका दिशेला दूरवर जातो. कर्ण्याचे तोंड आत अरुंद आणि बाहेर रुंद असते, ते याचसाठी. शिंग आणि तुतारी यांचा आकार तसाच असतो, हे तुम्ही पाहिले असेल.

एका मुलाने विचारले, "काका, मग मघाशी शिट्टी कशी वाजली?" काका हसले. ते म्हणाले, "वायर सैल झाली म्हणून आवाज कमी येत होता. मी बटण वाढवलं. तेवढ्यात वायर क्षणभर जुळली. कर्ण्यातला आवाज माइकमध्ये शिरला, तो मोठा होऊन पुन्हा कर्ण्यातून आला, पुन्हा माइकमध्ये शिरला. असा फेरा सुरू झाला की शिट्टी वाजते. म्हणून कर्णा नेहमी माइकच्या पुढे ठेवायचा आणि त्याचं तोंड लोकांकडे करायचं."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. मैदान फार मोठे असेल, तर मध्ये आणि मागेही कर्णे बांधावे लागतात. पण विजेचा वेग प्रचंड आणि आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. मागे बसलेल्या माणसाला जवळच्या कर्ण्यातून शब्द लगेच ऐकू येतो आणि मंचाजवळच्या कर्ण्यातून तोच शब्द थोडा उशिरा येतो. दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि भाषण कळेनासे होते. म्हणून कोणता कर्णा कोठे आणि कोणत्या तोंडाने बांधायचा, हे ठरवायला अनुभव लागतो. नुसते यंत्र आणून भागत नाही. ते बांधणारा जाणकार माणूसही लागतो. या गरजेतूनच लाउडस्पीकरचा व्यवसाय जन्माला आला.

शोध आणि पहिल्या कंपन्या

१९०६ साली ली डी फॉरेस्ट या अमेरिकी संशोधकाने तीन भाग असलेली निर्वात नळी तयार केली. पुढे या नळीने क्षीण वीज मोठी करता येऊ लागली. जुन्या रेडिओत काचेच्या दिव्यासारखे जे व्हॉल्व्ह असत, ते हेच.

त्याच सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एडविन प्रिडहॅम आणि पीटर जेन्सन हे दोन तंत्रज्ञ नापा या गावी प्रयोग करत होते. जेन्सन मूळचे डेन्मार्कचे. चुंबक, तारेचे वेटोळे आणि पडदा जोडून त्यांनी मोठ्या आवाजाचे यंत्र बनवले. १९१५ साली नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी सॅन फ्रान्सिस्को शहरात ते फार मोठ्या जनसमुदायापुढे वाजवून दाखवले. या यंत्राला त्यांनी 'मॅग्नावॉक्स' हे नाव दिले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'मोठा आवाज' असा होतो. १९१७ साली याच नावाची कंपनी सुरू झाली.

१९१९ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सॅन दिएगो येथे या यंत्राच्या साहाय्याने सुमारे ५० हजार लोकांपुढे भाषण केले. त्या दिवसांत त्यांची प्रकृती बरी नव्हती. तरीही त्यांचे शब्द लोकांपर्यंत पोहोचले. पुढे १९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी लाउडस्पीकरची सुधारलेली रचना प्रसिद्ध केली. आजचे बहुतेक लाउडस्पीकर याच तत्त्वावर चालतात.

'शिकागो रेडिओ'ची गोष्ट

काकांच्या हातातल्या मीटरवर 'मोटवाने' असे नाव होते. मी ते पाहत आहे हे लक्षात येताच ते म्हणाले, "हे मीटर आपल्या नाशिकरोडचं आहे, सर. या नावाची गोष्ट फार जुनी आहे. मुलांना सांगा ती."

ती गोष्ट अशी. ग्यानचंद मोटवाने हे सिंध प्रांतातील व्यापारी. १९०९ साली त्यांनी तेथे विजेच्या वस्तूंचा छोटासा व्यापार सुरू केला. पुढे ते टेलिफोनचे साहित्य विकू लागले आणि १९१९ साली मुंबईला आले. शिकागो हे अमेरिकेतील शहराचे नाव. ज्या अमेरिकी कंपनीचा माल ते विकत, तिच्या नावावरून त्यांच्या पेढीला 'शिकागो' हे नाव मिळाले. पुढे ती 'शिकागो रेडिओ' म्हणून देशभर ओळखली जाऊ लागली. नाव परदेशी होते, पण काम पूर्ण स्वदेशी झाले.

ग्यानचंद यांचे पुत्र नानिक मोटवाने. ते देशभक्त तरुण होते. महात्मा गांधींच्या सभांना त्या काळी अफाट गर्दी होत असे. गांधीजींचा आवाज मात्र हळू आणि कोमल होता. जवळच्या लोकांना तो ऐकू येई. मागचे हजारो लोक केवळ दर्शन घेऊन परत जात. एकाच सभेत गांधीजींना एका व्यासपीठावरून दुसऱ्या व्यासपीठावर जाऊन तेच पुन्हा बोलावे लागे. हे नानिक यांनी पाहिले आणि त्यांच्या मनाने घेतले, की हा आवाज प्रत्येकाला ऐकू आलाच पाहिजे.

१९३१ च्या मार्च महिन्यात कराचीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते सरदार वल्लभभाई पटेल. अधिवेशनाच्या काही दिवस आधी, २३ मार्चला, भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी झाली होती. देश दुःखाने आणि संतापाने पेटला होता. अशा वेळी नेते काय म्हणतात, हे ऐकायला लोक आतुर झाले होते. या अधिवेशनात नानिक मोटवाने यांनी लाउडस्पीकर बसवले.

त्यानंतर जेथे मोठी सभा, तेथे शिकागो रेडिओचे कर्णे, असे समीकरण झाले. हे काम सोपे नव्हते. रेल्वेने जड सामान न्यायचे. जेथे वीज नाही, तेथे बॅटऱ्यांवर यंत्र चालवायचे. उन्हातान्हात बांबूंवर कर्णे बांधायचे, तारा ओढायच्या आणि सभा संपेपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसायचे. यंत्रे सुरुवातीला परदेशातून येत. पण आपल्याकडील धूळ, उष्मा आणि गर्दी यांना ती टिकली पाहिजेत. म्हणून त्यांत आपल्या गरजेप्रमाणे बदल करावे लागले. त्या काळातील नेत्यांची जुनी छायाचित्रे नीट पाहा. अनेक चित्रांत माइकवर 'शिकागो' ही अक्षरे दिसतात.

मग १९४२ साल उजाडले. ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजी आणि इतर नेते पकडले गेले. वर्तमानपत्रांवर बंधने आली. सभांवर बंदी आली. आता लोकांपर्यंत आवाज पोहोचवायचा कसा?

तेव्हा उषा मेहता या २२ वर्षांच्या तरुणीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक गुप्त रेडिओ केंद्र सुरू केले. त्याचे नाव 'काँग्रेस रेडिओ'. २७ ऑगस्ट १९४२ रोजी त्याचे प्रसारण सुरू झाले. पोलिसांना माग लागू नये म्हणून केंद्राची जागा सारखी बदलावी लागे. हिंदुस्थानी आणि इंग्रजी भाषांत बातम्या दिल्या जात. या केंद्राला लागणारी यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञ मिळवून देण्यात नानिक मोटवाने यांचा हात होता. पकडले गेलो तर आपला व्यवसाय बुडेल आणि तुरुंगात जावे लागेल, हे ते जाणत होते. तरीही ते मागे हटले नाहीत.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला. उषा मेहता यांच्यासह पाच जणांवर खटला भरला गेला. त्यांत नानिक मोटवानेही होते. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षांची, उषा मेहता यांना चार वर्षांची आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानिक मोटवाने हे दोघे सुटले. उषाताईंना १९९८ साली 'पद्मविभूषण' हा सन्मान मिळाला. २००० साली त्यांचे निधन झाले.

पुढे मोटवाने यांचा कारखाना नाशिकरोड येथे उभा राहिला. विजेचा दाब आणि प्रवाह मोजणारी मीटरे या नावाने प्रसिद्ध झाली. ज्यांच्या घराण्याने गांधीजींचा आवाज मैदानभर पोहोचवला, त्यांच्या नावाच्या मीटरने गंगापूर रोडवर एका शाळकरी मुलीचा माइक दुरुस्त झाला. मुलांना याची फार मौज वाटली.

गावोगावी पोहोचलेला व्यवसाय

स्वातंत्र्यानंतर लाउडस्पीकर मोठ्या सभांपुरता राहिला नाही. तालुक्याच्या गावीही लाउडस्पीकर भाड्याने देणारी दुकाने निघाली. अनेक दुकानांत मंडप, सतरंज्या, खुर्च्या आणि लाउडस्पीकर असे सारेच मिळे. दिल्लीच्या 'अहुजा' कंपनीसारख्या भारतीय कारखान्यांची यंत्रे बाजारात आली. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला होता. पुढे त्याने व्हॉल्व्हची जागा घेतली. यंत्रे हलकी झाली, कमी विजेवर चालू लागली आणि स्वस्तही झाली.

लग्नाच्या मांडवात गाणी वाजू लागली. जत्रेतल्या तमाशाला माइक आला. फिरत्या सिनेमाची जाहिरात टांग्यावर किंवा जीपवर कर्णा बांधून होऊ लागली. पूर्वी मुशायरे बहुधा दिवाणखान्यात किंवा छोट्या सभागृहात होत. लाउडस्पीकर आल्यावर ते मैदानात भरू लागले आणि शायराचा हळुवार शेर हजारो रसिकांना एकाच वेळी ऐकू येऊ लागला. यंत्रमागावर दिवसभर राबणारा कामगारही रात्री मैदानात बसून शायरी ऐकू शकला.

नाशिकला बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळा भरतो. अशा प्रचंड गर्दीत लहान मुले आणि वृद्ध माणसे हरवतात. त्यांची नावे लाउडस्पीकरवरून पुकारली जातात. गर्दीला थांबण्याच्या आणि वाट सोडण्याच्या सूचना दिल्या जातात. आई-मुलाची चुकामूक झाली असेल, तर तो कर्णा त्यांना देवदूतासारखा वाटतो.

जगात इतरत्रही हा व्यवसाय वाढत होता. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये 'बीटल्स' या इंग्लिश गायकांचा कार्यक्रम झाला. ५५ हजारांहून जास्त लोक जमले. त्यांच्या आरोळ्यांपुढे यंत्रे अपुरी पडली आणि गाणे कोणालाच धड ऐकू आले नाही. गायकांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना. मोठ्या कार्यक्रमांसाठी खास यंत्रे आणि ती घेऊन गावोगाव फिरणारे तंत्रज्ञ हवेत, हे तेव्हा सर्वांना पटू लागले. १९६६ साली अमेरिकेत क्लेअर बंधूंनी असे काम सुरू केले. १९६९ सालच्या 'वुडस्टॉक' संगीत महोत्सवाला चार लाखांच्या आसपास लोक आले होते. तेथील ध्वनिव्यवस्था बिल हॅन्ली यांनी सांभाळली.

१९९० नंतर फ्रान्समधील एका कंपनीने स्पीकरच्या पेट्या एकाखाली एक टांगून नवी रचना तयार केली. या पेट्यांचा आवाज वर-खाली न पसरता सरळ पुढे जातो. त्यामुळे जवळच्या माणसाचे कान फुटत नाहीत आणि दूरच्यालाही शब्द कळतो. हल्ली मोठ्या कार्यक्रमांत मंचाच्या दोन्ही बाजूंना केळ्यासारख्या वाकलेल्या ज्या रांगा टांगलेल्या दिसतात, त्या याच.

आवाजाची मर्यादा

कोणतीही शक्ती हाती आली, की ती वापरण्याचे भानही हवे. जो लाउडस्पीकर हरवलेल्या मुलाला आईजवळ नेतो, तोच आजारी माणसाची झोप उडवतो. परीक्षेचा अभ्यास करणारी मुले, तान्ही बाळे आणि वृद्ध यांना त्याचा त्रास होतो. फार मोठा आवाज रोज तासन्‌तास कानांवर पडला, तर ऐकण्याची शक्ती कमी होते आणि ती परत येत नाही.

आवाज 'डेसिबल' या एककात मोजतात. केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरली. लाउडस्पीकर लावण्यासाठी परवानगी घ्यावी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात तो उघड्यावर वाजवता येत नाही. काही ठरावीक सणांच्या दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. हे नियम सर्वांना सारखे आहेत. लग्न कोणाचेही असो, उत्सव कोणाचाही असो आणि सभा कोणत्याही पक्षाची असो.

काकांनी हीच गोष्ट आपल्या शब्दांत सांगितली. ते म्हणाले, "पोरांनो, भिंती हादरवणारा आवाज कुणीही काढील. त्याला अक्कल लागत नाही. शेवटच्या माणसाला शब्द कळला पाहिजे आणि पहिल्या माणसाचे कान दुखता कामा नयेत. हे ज्याला जमलं, तो खरा कारागीर."

संध्याकाळ झाली होती. काकांनी तारा गुंडाळल्या, कर्णे उतरवले आणि टेम्पोत ठेवले. बक्षिसे जाहीर झाली होती. त्या मुलीला दुसरे बक्षीस मिळाले होते. ती धावत काकांकडे आली आणि आपले प्रशस्तिपत्र त्यांना दाखवून म्हणाली, "काका, तुमच्यामुळे मिळालं."

काकांनी मान हलवली. "नाही बेटा," ते म्हणाले, "मी फक्त आवाज मोठा केला. बोललीस तू."

शब्दार्थ

ध्वनिक्षेपक – आवाज दूर फेकणारे यंत्र, लाउडस्पीकर
ध्वनिवर्धक – आवाजाची वीज मोठी करणारे यंत्र, ॲम्प्लिफायर
क्षीण – फार कमी शक्तीचा, कमजोर
कासावीस होणे – जीव घाबरा होणे
पेचकस – स्क्रू फिरवण्याचे हत्यार
दवंडी – ढोलके वाजवून गावात दिलेली सूचना
ध्रुपद – गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी ओळ
पिट – नाटकगृहातील स्वस्त दराची जागा
हुबेहूब – अगदी तसेच
डोळ्यांत तेल घालून बसणे – फार काळजीपूर्वक लक्ष ठेवणे
मनाने घेणे – मनात पक्के ठरणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गंगापूर रोड कोणत्या ठिकाणापासून सुरू होतो?
(आ) 'मॅग्नावॉक्स' या शब्दाचा अर्थ काय?
(इ) काँग्रेस रेडिओचे प्रसारण कोणत्या दिवशी सुरू झाले?

२. कारणे लिहा.
(अ) कर्ण्याचे तोंड बाहेरच्या बाजूला रुंद असते.
(आ) गांधीजींना एकाच सभेत दोन-तीन ठिकाणी बोलावे लागे.
(इ) मोठ्या मैदानात कधीकधी भाषण नीट कळत नाही.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लाउडस्पीकर नसताना लोक आवाज दूर पोहोचवण्यासाठी काय करत?
(आ) नानिक मोटवाने यांनी कोणता धोका पत्करला? का?

४. तुमचे मत लिहा.
"मी फक्त आवाज मोठा केला. बोललीस तू." काका असे का म्हणाले असतील?

५. उपक्रम.
तुमच्या भागातील लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या व्यक्तीला भेटा. तिच्या कामाची माहिती विचारा आणि ती मराठीत दहा ओळींत लिहून वर्गात वाचून दाखवा.